वर्गणीची वही

खाली लॉन्ड्री, वर आम्ही.
मधल्या लाकडी जमिनीतून
ड्रायरांची घुरघुर तळपायांना लागते,
आणि महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
फ्रेस्नोतले झाडून सारे कर्जबाजारी दिग्दर्शक
आपापली खुर्ची घेऊन जिना चढतात.
संस्थेच्या खुर्च्या नऊ. सभासद एकसष्ट.

मी खजिनदार.
दिवसा दातांच्या दवाखान्यात बिलं करते,
रात्री ही वही.
वर्गणी वर्षाला चाळीस डॉलर,
विद्यार्थ्यांना पंधरा,
आणि ज्याचा सिनेमा नुकताच पडला
त्याला पुढच्या जानेवारीपर्यंत माफ.
हा नियम कुठे लिहिलेला नाही,
माझ्या पेन्सिलीला पाठ आहे.

अर्जात शेवटचा रकाना:
तुम्ही इतरांना काय देऊ शकता?
लोक लिहितात ते मी जसंच्या तसं उतरवते.
व्हॅन, फक्त रविवारी, मागचं दार लागत नाही.
आईचं स्वयंपाकघर, ती रागावलेली नसेल तेव्हा.
वकिलीची दोन वर्षं झाली, तिसरीला पैसे नव्हते,
करार वाचून देईन.
एक काळा सूट, त्यात कुणीही बँकवाला दिसतो.
सेलेदोनिओ ओर्नेलासने लिहिलं, मला वेळेवर रडता येतं.
ते तीन सिनेमांत कामी आलं,
आणि एकदा, परवाना नसताना, पोलिसापुढे.

नेरेइदा किन्योनेसने रकाना कोरा सोडला.
म्हणाली, माझ्याकडे बापाचे अकरा तास आहेत,
बाकी काही नाही.
बाप मनुकांच्या कारखान्यात रातपाळीचा पहारेकरी.
अकरा तास तो विजेरी घेऊन चालतो,
कुलुपं ओढून बघतो,
मांजराशी स्पॅनिशमध्ये राजकारण बोलतो.
लॉस एंजेलिसच्या एका निर्मात्याने पाहिलं.
छान आहे, म्हणाला,
पण जरा आणखी लॅटिनो करता येईल का?

हे तिने सांगितलं
आणि खुर्च्यांवरचे, जमिनीवरचे, जिन्यातले
आम्ही सगळे इतके हसलो
की खालून लॉन्ड्रीवाल्या वांगबाईंनी
झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.

मग कुणीतरी दिवा मालवला.
अकरा तास बघितले, रविवारपर्यंत.
कुणी म्हणे मांजर ठेव, कुणी म्हणे मांजर काढ.
मांजरापायी दोघांनी संस्था सोडली.
(एक परत आला. वर्गणी मी नव्याने घेतली.)

अकरा तासांची बावन्न मिनिटं झाली.
ओविदिओने आवाज बसवला, इथेच, रात्री दोननंतर,
ड्रायर निजले की.
पण सहा नंबरचा कधी निजत नाही,
त्यात हॉस्पिटलच्या चादरी असतात.
ही घुरघुर पुसली, तो म्हणाला,
तर बापाचा श्वासही पुसला जातो.
राहू दे, म्हणाली नेरेइदा.

ऑक्टोबरात सॅन होजेचं मोठं थिएटर.
मखमली खुर्च्या, मोजायचं काम नाही.
पडद्यावर बाप कुलूप ओढतो, थांबतो, ऐकतो.
आणि त्या शांततेच्या तळाशी
सहा नंबर.

चौथ्या रांगेत सेलेदोनिओची मान वळली.
माझ्या डावीकडे कुणाचा तरी तळपाय हलला.
एकदम आठवलं,
ब्राउलिओच्या सिनेमातल्या लग्नात हाच आवाज होता,
सोकोर्रोच्या सिनेमातल्या दफनातही हाच.
आमच्या प्रत्येक सिनेमाच्या पोटात
एक लॉन्ड्री चालू आहे.
बाकी थिएटर बापाकडे बघत होतं.

परत आल्यावर वहीत
नेरेइदाचा कोरा रकाना तसाच ठेवला.
खाली नवी ओळ आखली.
सभासद क्रमांक बासष्ट: वांगबाई.
देऊ शकतात: सहा नंबर.
वर्गणी: माफ.

दुसऱ्या गुरुवारी त्या स्वतः वर आल्या.
ते माफ खोडायला लावलं,
टेबलावर एकशे साठ नाणी रचली,
चार-चारांच्या चाळीस चवडी,
पावती मागितली,
आणि जिन्यातून वळून म्हणाल्या,
हसायचं ते साडेनऊच्या आत.