रांजण

तेलावीच्या दवाखान्यात कागद भरायचा होता.
झोप? कधीमधी.
भूक? असते.
पिता का?
जुंबेर म्हणाला, नाही.
आणि तो खोटं बोलला नाही.
आमच्याकडे वाइनला दारू म्हणत नाहीत.
दारू ती शहरातली, दुकानातली, उभ्याने प्यायची.
वाइन आपल्या वेलीची, आपल्या मातीतली,
तिने कुणाचं डोकं फिरल्याचं
गावात ऐकिवात नाही.

सकाळचा चाचा तर औषधच,
थंडीवर, दाढेवर.
लेकाला दात येत होते तेव्हा
सासूने बोट बुडवून हिरड्यांवरून फिरवलं होतं.

मेलेल्यांच्या नावाच्या प्याल्यात
थेंब उरू द्यायचा नसतो.
सुखुमीहून परतला तेव्हा
याच्याकडे नऊ नावं होती.
तमादा विचारतो, आणखी कोण?
हा उठून उभा राहतो.
आणखी कोण?
हा उभाच असतो.

चढते ती सगळ्यांना दिसते.
उतरते तेव्हा घरात मी एकटी.
रात्री तीनला तो दारांच्या कड्या मोजतो,
चार दारं, अकरा वेळा.
दीर म्हणतो, पुरुषाला घराची काळजी असते.
शेजारीण म्हणते, एक प्याला दे, झोपेल.
दिला. मीच दिला, किती वर्षं,
उतारा म्हणून.

सप्टेंबरात रांजण धुवायचे होते,
जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले.
अंगाने बारीक म्हणून गावभर त्यालाच बोलावतात.
चेरीच्या सालीचा कुंचा घेऊन तो आत उतरला.
घासल्याचा आवाज येत होता,
मग येईना.
मी दोरीला मेणबत्ती बांधून खाली सोडली.
ज्योत विझली तर हवा वाईट,
एवढं इथे पोरीबाळींनाही ठाऊक.

विझली नाही.
हवा चांगली होती.
तळाशी गुडघे पोटाशी घेऊन तो बसला होता,
कोरडा, पुरता शुद्धीत.
म्हणाला, एतेरी,
इथे कुणी नावं विचारत नाही.

ये वर, म्हणायला तोंड उघडलं
आणि मिटलं.
वर टेबल मांडलेलं होतं,
पाहुणे यायला लागले होते.
मी शिडी धरून राहिले.
हात भरून आले तरी.

काल तो कागद पुन्हा समोर आला.
लेक आता तेरा वर्षांचा,
बापाला चष्मा सापडेना म्हणून तोच वाचत होता.
झोप, भूक,
मग त्या ओळीपाशी अडखळला,
पिता...
पुढचं वाचलंच नाही त्याने.
आणि हाक मारल्यासारखं
जुंबेरने वर पाहिलं.