उदासीन

तळ्याचं पाणी इतकं नितळ झालं होतं
की नावेतून वाकलं तर चार पुरुष खोल पडलेला दगड
हात घालून उचलावा असा वाटे.
पाहुणे म्हणत, काय स्वच्छ!
तार्येई वल्हं फिरवत राही.
याच पाण्यातून त्याच्या बापाने
शेवटचा ट्राउट काढला होता,
डोकं मोठं, अंग वाळलेलं,
मागे एकही पिल्लू नसलेला.

मग आस्लाउगचे केस हिरवे झाले.
सोनेरी केस, धुतले की शेवाळी झाक.
शाळेत हसले. आईने साबण बदलला, दोनदा.
पण खोड साबणाची नव्हती.
पाणी रात्रभर तांब्याच्या नळीत बसून
तिला आतून चाटत होतं
आणि सकाळी तांब्याचा क्षार
पोरीच्या वेणीत उतरत होता.

हेरबोर्ग नावाची बाई आली, पेटीभर बाट्ल्या घेऊन.
निळा लिटमस बुडवला,
तो चोरी पकडल्यासारखा लाल.
मग आकडा काढला: चार पूर्णांक सहा.
सहा तरी हवा होता, ती म्हणाली.
म्हणजे दीडच कमी की, तार्येई म्हणाला.
ही शिडी तशी नाही, काका.
एक पायरी उतरलात की आंबटपणा दहापट,
दोन उतरलात की शंभर.
तुमचं तळं पंचवीसपट आंबट आहे.
त्याने कॉफीचा कप खाली ठेवला.
त्याच पाण्याची कॉफी.

धूर समुद्रापलीकडचा.
ज्यांच्या धुराड्यांतून तो निघाला
त्यांना या तळ्याचं नावही माहीत नव्हतं,
आणि इथला खडक ग्रॅनाइट,
आडमुठा, कंजूष,
पावसाला उलट उत्तर द्यायला
त्याच्याकडे चिमूटभर चुनाही नाही.

म्हणून पोती आली, चुनखडीच्या भुकटीची.
कुणी फसवलं की आपण म्हणतो, चुना लावला.
इथे एक म्हातारा सबंध ऑक्टोबर
तळ्याला चुना लावत होता,
पोतं फाडून, वाऱ्याकडे पाठ करून,
तरी दाढी पांढरी, पापण्या पांढऱ्या,
नावेमागे दुधाचा एक लांब पट्टा.
आस्लाउग टोपीत केस कोंबून वल्हवत होती.
तिने कान पाण्याशी नेला.
ऐकू येतंय का काही? फसफस?
छे. इतक्या मोठ्या पाण्यात
एवढंसं भांडण कोण ऐकणार.
आम्ल आणि चुना एकमेकांना भिडले,
थोडा वायू सुटला, थोडं पाणी झालं,
आणि उरला एक क्षार,
ज्याला खारट चव नाही,
ज्याच्या मिठाला कुणी जागणार नाही.

आमच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात
सातच्या आकड्यापुढे एक शब्द होता: उदासीन.
ना आंबट ना तुरट, ना इकडचा ना तिकडचा.
मला वाटायचं, बिचारं पाणी,
कशाचं एवढं मनाला लावून घेतलंय.

तिसऱ्या वर्षी मासे सोडले, बोटाएवढे.
हेरबोर्ग आकडा लिहून गेली, सहा पूर्णांक दोन.
पाऊस अजून तसाच आंबट आहे,
सोसायटीच्या गोदामात पुढच्या खेपेची पोती आहेत,
तार्येईचा खांदा दुखतो.

संध्याकाळी तो नावेतून वाकतो.
पाणी किंचित गढूळ, हिरवट,
त्यात काहीबाही तरंगतंय, वळवळतंय.
तो दगड कुठे होता, हे आता
त्याला नक्की सांगता येत नाही.