शहाऐंशी

अठरा वह्या.
सतरांत लिहिलंय, पाणी शंभर अंशांवर उकळतं.
एकीत शहाऐंशी.

मी सखल मुलखातली मास्तरीण.
आमच्या त्रिनिदादला दाराशी नदी,
वारा म्हणजे न पिळलेलं फडकं.
इथे एल आल्तोत, चार हजार मीटरवर,
दोन जिने चढले की श्वास मागे राहतो
आणि मी पिशवीत खडू शोधत असल्याचं
सोंग करत उभी राहते.

प्रयोगशाळा म्हणजे एक खोली,
खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा,
दोन शेगड्या, मुलांनी घरून आणलेली पातेली,
चार थर्मामीटर, त्यातल्या एकाला तडा.
स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारून
सहावी ब उभी.
"बघा," मी म्हटलं, "आणि दिसेल ते लिहा."

बघितलं त्यांनी.
आधी तळाशी मोहरीएवढे बुडबुडे,
मग कडेकडेने कुजबुज,
मग आधण, खळखळा, झाकण उडवणारं,
वाफेने पुठ्ठा मऊ पडेस्तोवर.
लाल रेघ शहाऐंशीवर जाऊन बसली
ती बसलीच.

"थांबा, चढेल," मी म्हटलं.
आच वाढवली. थर्मामीटर बदललं.
तडा गेलेलंसुद्धा बुडवून पाहिलं.
घंटा झाली तेव्हा म्हणाले,
"यंत्रात खोट आहे."
हे वाक्य कुणी वहीत उतरवलं नाही,
पाळलं मात्र सगळ्यांनी.
सतरांतल्या अकरा वह्या उजेडात धरल्या
तर शंभरच्या खाली, रबराच्या धुरकट डागात,
अजून शहाऐंशी दिसतं.

दाब आणि उत्कलनबिंदू.
या धड्यावर मला परीक्षेत पैकीच्या पैकी होते.
ज्या देशाला समुद्र नाही
त्या देशात आम्ही
समुद्रसपाटीचं पाणी पाठ करतो.

दुसऱ्या दिवशी विचारलं,
"नाइदा, तू शंभर का नाही लिहिलंस?"
ती बुटांकडे बघत राहिली.
"दिसलं नाही, प्रोफे."
मग, कुणी थांबवत नाही म्हटल्यावर,
"माझी आई ला सेहाच्या चौकात सूप विकते.
तिचे बटाटे शिजता शिजत नाहीत.
खाली युंगासात मावशीकडे तेच बटाटे
अर्ध्या वेळात मऊ.
मावशीचं पाणी जास्त तापट असणार."

वर्ग हसला. लिम्बर हसला नाही.
"उलट आहे," तो म्हणाला,
"आपलं पाणी उतावीळ.
पुरतं तापायच्या आधीच उकळतं."

मी फळ्यावर पातेलं काढलं,
त्यावर हवेचा खांब, फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत.
शेजारी आईच्या घरचं पातेलं.
त्याचा खांब फळ्यात मावेना,
म्हणून भिंतीवर चढवला खडू,
स्टुलावर उभी राहून, छताला हात लागेपर्यंत.
उतरले तेव्हा धाप लागली होती.
या वेळी मी खडू शोधला नाही.
"हे बघा," म्हटलं, "हीच ती कमी हवा."
आणि सहावी ब माझी धाप
घड्याळ लावून मोजू लागली.

रात्री आईला फोन केला.
"तुझ्याकडे पाणी किती अंशांवर उकळतं?"
"अंश कसले? उकळलं की तांदूळ टाकते.
जेवलीस का?"

वह्या तशाच परत दिल्या, लाल शाई न लावता.
बुधवारी पुन्हा पातेली.

पण मंगळवारीच लिम्बर तडा गेलेलं थर्मामीटर
मोज्यात गुंडाळून घरी घेऊन गेला
आणि आज सकाळी येऊन म्हणतोय, सत्त्याऐंशी.
नाइदा म्हणते, शहाऐंशी.
तो म्हणतो, तीनदा मोजलं. ती म्हणते, तडा.
तो राहतो केबलकारने खाली,
ला पाझच्या उतारावर.
मला ठाऊक आहे.

खडू हातात आहे.
मी गप्प बसलेय.