बसून बघणं

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
शटर अर्धं खाली. बाहेर एकोणपन्नास डिग्री.
आत टेबलावर सहा खुर्च्या उलट्या पडलेल्या,
पाय वर करून, मुकाट.

इंगरबाई कायमच्या डेन्मार्कला चालल्यात.
बावीस वर्षं इथे काढली,
खुर्च्यांच्या बैठकी सैल झाल्या.
म्हणाल्या, घाई नाही.
हे वाक्य या गल्लीत कुणी बोलत नाही.

बैठक विणायची ती कागदाच्या दोरीने.
हो, कागदाच्याच. पिळून पिळून घट्ट केलेल्या.
एका खुर्चीला एकशे वीस मीटर.
आधी थोडी ओली करायची,
मग कोपऱ्यांकडून मध्याकडे यायचं,
एक फेरा वरून, एक खालून,
हाताची ओढ सकाळी तीच, संध्याकाळी तीच.
जास्त ओढली तर लाकूड कुरकुरतं,
कमी ओढली तर सहा महिन्यांनी गिऱ्हाईक.

लाकूड साग.
पॉलिश पेपर एकदा फिरवला आणि वासानेच ओळखलं.
ब्रह्मदेशात कुठेतरी वाढला असेल,
बर्फाच्या गावी जाऊन खुर्ची झाला,
आणि मग इथे आला,
जिथे खजुराखेरीज सावली सिमेंटची.
त्याला काय विचारणार, कसं वाटतं म्हणून.
मलाही कुणी विचारत नाही.

आमच्या घरात खुर्ची नव्हती.
आम्ही मेस्त्री, कणकवलीच्या अलीकडचे.
खुर्च्या तलाठ्याला, शाळेला, पोस्टाला.
बाबा जमिनीवर बसून
पायाच्या अंगठ्यांत फळी धरून तासायचे
आणि जेवायलाही तिथेच,
भुसा फुंकरीने बाजूला करून.

दुकानाचा नियम आहे:
विणून झालं की बसून बघायचं. दोन मिनिटं.
एरवी आम्ही पेंटच्या बालद्यांवर.
पहिलीवर बसलो.
पाठ टेकली तेव्हा कळलं
की ती इतकी वर्षं काहीतरी उचलून धरत होती.
हात ठेवायचं लाकूड पुढे जरासं रुंद होतं,
अगदी कोपर येतं तिथे.
जसं कुणी विचारावं, दमलास?
आणि उत्तरासाठी थांबू नये.
कुठे खिळा नाही. नक्षी नाही.
बघत राहावं असं तरी काय आहे तिच्यात,
पण मी बघत राहिलो.

रात्री व्हिडिओ कॉल लावला.
बाबांना आता डाव्या अंगाने नीट दिसत नाही,
म्हणून फोन हळूहळू फिरवला,
पाठ, हात, खालून सांधे.
पाठीचा तो बाक बघून ते बराच वेळ गप्प.
मला वाटलं नेट गेलं.
मग म्हणाले,
"ह्यो वाकवललो नाय. तासललो आसा.
येवढो जाड तुकडो घेवन येवढोच ठेवल्यान."
आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच,
"घाय करूंक नाय तेणा."
त्यांनी कुणा सुताराची तारीफ केलेली
मी त्याआधी ऐकलेली नाही.
माझीसुद्धा.

आज बाईंची गाडी आली.
पाच मावल्या, सहावी राहिली.
उद्या पाठवते कुणाला, म्हणाल्या,
आणि जाताना बैठकीवरून तळहात फिरवला,
घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

रफीकुल बारापासून सँडिंग करत होता.
पापण्यांवर भुसा, बोटांना फेविकॉल.
म्हटलं, ही बघ जरा बसून.
म्हणाला, पँट खराब आहे.
म्हटलं, टेस्टिंग आहे, बस.

आता झोपलाय.
मान त्या बाकावर बरोब्बर टेकलीय,
तोंड थोडं उघडं.
मी बालदी ओढून समोर बसलो तेव्हा दिसलं,
डाव्या कोपऱ्यात एक फेरा दुसऱ्यावर चढलाय.
उसवावा लागणार,
चाळीस मीटर तरी.

उठू दे आधी.