बारा रुपयांचा शिंपला

बावीस वर्षं मी तो शिंपला
शरणपूरच्या संडे स्कूलमध्ये हातोहात फिरवला.
नोहाचा धडा आला की कपाट उघडायचं,
खडूच्या खोक्यातून, कापसात गुंडाळलेला, तो काढायचा
आणि म्हणायचं, पांडवलेण्यांच्या डोंगरावर सापडला बरं हा.
समुद्र कुठे, नाशिक कुठे, तुम्हीच विचार करा.
पोरांचे डोळे मोठे व्हायचे.
मला बरं वाटायचं.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो.
आठवडाभर सांगतो, रीडिंग आलं तसं लिहा,
उत्तर आधी ठरवून आकडे मागाहून बसवू नका,
खाडाखोड चालेल.
रविवारी सकाळी तोच मी.
आपल्या भाषेनं दोन्हींना एकच शब्द दिलाय, शास्त्र.
जिभा मात्र मी दोन ठेवल्या होत्या.

यंदा लेंटच्या तिसऱ्या रविवारी
शिंपला तबिथा त्रिभुवनच्या हातात आला
आणि तिनं तो पुढे दिलाच नाही.
सातवीतली पोर. म्हणाली,
सर, माझे पप्पा सारूळच्या खाणीत सुरुंग भरतात.
ते म्हणतात आपला दगड आगीतून आलाय.
त्यात शिंपला त्यांना कधीच नाही मिळाला.
हे मिळतं.
रुमालाची गाठ सोडली. आत गारगोटी,
फुटलेल्या काळ्या दगडाच्या पोटात
पांढऱ्या पात्यांचा उघडा पंखा.
याचा नाही का धडा, सर?

मला माहीत होतं.
हे लिहायचंय म्हणून तर बसलोय.
शिंपल्याच्या आतल्या बाजूला लेबल होतं,
हर्णैच्या दुकानाचं, किंमत बारा रुपये.
ते मी नखानं खरवडलं, एसटी स्टँडवर,
एस्तेर शेजारी चहा पीत होती.
का काढताय, तिनं विचारलं.
स्वच्छ दिसतो, मी म्हणालो.
देवाच्या बाजूनं बोलायचं तर
थोडं इकडचं तिकडे चालतं, असं वाटायचं,
वकील बोलतो ना अशिलासाठी.
अशिलाला विचारलं नव्हतं.

फळ्याकडे तोंड करून सांगून टाकलं.
मग वळलो आणि पुन्हा सांगितलं.
हा हर्णैचा. विकत घेतलेला.
बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, लागत नव्हती.
शमुवेल पारखेनं हात वर न करताच विचारलं,
म्हणजे नोहा पण?
माझी तयार उत्तरं त्या खोक्यातच असायची.
म्हणालो, तो वेगळा प्रश्न आहे,
पुढच्या रविवारी बोलू,
आणि मला सगळं येत नाही.

उपासनेनंतर उमाप आजोबांनी कोपऱ्यात घेतलं.
पोरांच्या पायाखालचा दगड काढलात, सर.
हो, एवढंच म्हणालो.
दगड कुठला, शिंपला होता,
हे घरी पोचल्यावर सुचलं.
पुढच्या रविवारी अकरापैकी आठ आली.
शमुवेल आला. वही घेऊन आला.

रात्री प्रार्थनेला बसलो तर शब्दच कमी.
सिद्ध करायला काही नव्हतं,
हातांचं काय करावं कळेना.
गारगोटी टेबलावर होती,
तबिथाची, परत मागणार आहे ती.
टॉर्च लावला.
किती पाती असतील, मोजायला लागलो,
सदतिसावर चुकलो,
पुन्हा पहिल्यापासून.