कामोंगो

ओबुया सरांनी डब्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या :
जिराफ, मधमाशी, हिवतापाचा डास.
मी हात घातलाच नाही. म्हटलं, मला कामोंगो हवा.
वर्ग फिस्सकन हसला.
कामोंगो म्हणजे चिखल,
कामोंगो म्हणजे ओगुतकाकाच्या डाव्या करंगळीचं
नसलेलं पेर.
सर म्हणाले, बरं. पण ऐकीव नको, अज्वांग.
बघितलेलं लिही.

मग मी बघत बसले.
बाबांच्या गळाला एक लागला होता, माझ्या हाताएवढा,
अंगावर शाई झटकल्यासारखे ठिपके,
आणि चार लोंबत्या दोऱ्या. पुस्तक त्यांना पर म्हणतं,
आमच्या किनाऱ्यावर त्यांना कुणी काहीच म्हणत नाही.
निळ्या पिंपात, अर्ध्या पाण्यात
तो पडून असायचा. हूं नाही की चूं नाही.
मग एकदम वर यायचा
आणि हवेचा एक घोट घ्यायचा,
चक्क आवाज करून,
बशीतला गरम चहा कुणी भुरकावा तसा.

मी वहीत मांडलं :
सहा वाजून चार. सहा वाजून अकरा. सहा सव्वीस.
(मध्ये आईने सरपणाला पाठवलं,
एखादा श्वास निसटला असेल.)

पुस्तकात होतं, तळं आटलं की हा चिखलात उतरतो,
अंगातूनच चिकट पांघरूण काढतो,
ते वाळून कागद होतं, तोंडापाशी तेवढं एक भोक.
पाणी परत येईतो
स्वतःचंच मांस थोडं थोडं खर्चून जगतो.
आमचं सरोवर असं आटत नाही.
आमच्या कामोंगोंना ही झोप ठाऊक आहे का,
पुस्तक सांगत नाही. मी तिथे प्रश्नचिन्ह ठेवलं,
जरा मोठंच काढलं.

चौथ्या रात्री मांजर पिंपाभोवती घुटमळलं.
ओविती, माझा भाऊ, इयत्ता दुसरी,
अंधारात उठला.
बिचाऱ्याला पाणी कमी पडतंय, असं वाटलं त्याला,
त्याने तांब्या तांब्याने पिंप काठोकाठ भरलं,
वर झाकण दाबलं, झाकणावर दगड.
आणि शहाण्यासारखा झोपला.

सकाळी कामोंगो उलटा तरंगत होता
झाकणाला पोट लावून.

बाबा काही बोलले नाहीत. सुरी घासली,
मला म्हणाले, वही आण.
ओवितीने परात धरली, त्याचं नाक वाहत होतं.
आत दोन पिशव्या होत्या, लांब, गुलाबी,
बकरीच्या असतात तशाच हुबेहूब.
मी बोट लावलं. स्पंजासारखं दबलं.
बाबा तीस वर्षं मासे कापतायत,
म्हणाले, हे रोज फेकतो मी. कधी बघितलं नव्हतं.

शुक्रवारी तक्ता टांगला.
अधिवास, आहार, चिखलात खणलेल्या घरट्याची
नर कशी राखण करतो, सगळं घडाघडा बोलले.
श्वसनापाशी आले आणि जीभ अडली.
घरून निघताना ओवितीने सांगितलं होतं,
माझं नाव घेऊ नकोस.
म्हटलं, एका व्यक्तीने पिंप भरलं
आणि मासा बुडून मेला.

कुणीतरी ओरडलं, मासा कसा बुडेल?
मी सांगितलं, धरा श्वास सगळ्यांनी.
सहा चार ते सहा अकरा.
पोरं गाल फुगवून बसली, एकेक फुटत गेली,
सर पन्नासाव्या सेकंदाला खोकले.
मग कुणी हसलं नाही.

सरांनी वीसपैकी सतरा दिले.
तीन कशाचे कापले, विचारायचं राहिलं.

आता रात्री कंदील विझला की
ओविती घरभर हिंडतो अनवाणी.
हंड्याचं झाकण, पिठाच्या डब्याचं,
पातेल्यावरची ताटली
बोटभर सरकवून ठेवतो.
रिकाम्या पिंपाचंसुद्धा.