ऊकू खुर्चीतून उठतो

ऊकूची उंची एकवीस सेंटिमीटर.
आत अ‍ॅल्युमिनियमची तार, वर कापूस, हात मातीचे,
अंगात बाबांच्या फाटक्या हातमोज्याचा कोट.
डोळे म्हणजे मिरीचे दोन दाणे.
तीन आठवडे झाले,
तो खुर्चीतून उठतो आहे.

टालिनमध्ये, कोपलीच्या शेवटच्या ट्राम-थांब्यामागे
माझी खोली. लाकडी घर, वरचा मजला.
शेजारची लेइदा जिना चढली की टेबल हलतं
आणि अर्धवट उठलेला ऊकू
एकदम दचकल्यासारखा दिसतो.
म्हणून मी रात्री काम करते,
बेकरीत पाळी नसेल त्या रात्री.
खिडकीला काळा कागद, दोन दिवे,
टेबलाच्या पायांना खिळे.
कोपर केसभर वर. फोटो.
मान त्याहून कमी. फोटो.
एका सेकंदासाठी बारा वेळा
मी त्याला हात लावते
आणि बाराही वेळा चित्रातून पळ काढते.

सिनेमा चार मिनिटांचा होणार आहे.
एक निवृत्त ट्रामचालक रोज पहाटे उठून
आपल्याशिवाय ट्राम सुटली का, ते बघायला जातो.
एवढंच.
बर्फासाठी रवा आणलाय, दोन किलो.
गेल्या शुक्रवारी त्यातलाच मूठभर
शिजवून खाल्ला.

अर्ज एकोणतीस. उत्तरं सहा.
त्यात "तुमचं काम हृदयस्पर्शी आहे" चारदा
आणि "सध्या" हा शब्द सहाही वेळा.
एका गेमच्या कंपनीनं विचारलं,
नाणी फिरवून दाखवाल का? सोन्याची, चकाकणारी?
चाचणी म्हणून, अर्थात फुकट.
फिरवली. चाळीस नाणी.
अजून फिरत असतील कुठेतरी.

मंगळवारी रोजगार कार्यालय.
बाईंच्या टेबलावर पाटी: एन्डला कूस्क.
संगणकातल्या यादीत माझा धंदा सापडेना.
चित्रकार? नाही. छायाचित्रकार? तसं नाही.
खेळणी बनवणारे, हंगामी?
शेवटी त्यांनी "इतर"वर टिचकी मारली.
"मग गेल्या महिन्यात काय केलंत?"
"एक माणूस खुर्चीतून उठवला."
"आणि?"
"अजून पुरता उठलेला नाही."

मला वाटलं, हसतील.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
दाखवा, म्हणाल्या.
फोनवर नऊ सेकंद. पुन्हा नऊ सेकंद.
मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.
"गुडघे गेलेत ना याचे?"
हो.
"मग हा असा नाही उठणार.
हा तर विशीतल्या पोरासारखा उठतोय."
आणि बाई स्वतःची खुर्ची मागे सारून
आधी नुसत्याच पुढे झुकल्या.
मग तळवा मांडीवर.
मग थांबल्या. इतकं थांबल्या
की मला वाटलं, बेत रद्द.
मग टेबलाची कड, एक बारीक हुंकार,
आणि अंगाची एक बाजू आधी वर,
दुसरी मागाहून,
पिशवी ओढत येणाऱ्या धाकट्या भावंडासारखी.
"थांबणं राहिलं तुमचं," म्हणाल्या,
आणि कागदावर शिक्का मारला:
पुढची भेट चौदा तारखेला,
तोवर किमान चार अर्ज.

घरी येऊन तीन आठवडे पुसले.
एकशे आठ चित्रं,
बाईंच्या एका हुंकारात गेली.
ऊकूला परत बसवला.
तळवा मांडीवर टेकवला;
मातीच्या अंगठ्यावर माझा ठसा उमटला, राहू दिला.
मग काहीच हलवलं नाही,
फक्त छाती, धाग्याएवढी.
फोटो. फोटो.
थांबण्याचे अठरा फोटो,
इतकं दमवणारं काम आजवर केलं नव्हतं.

मधेच चारांतला एक अर्ज लिहायला घेतला.
"अनुभव" या रकान्यात
पहाटेची पहिली ट्राम जाईपर्यंत काही सुचलं नाही.
टेबल किंचित थरथरलं.
ऊकू बसलेलाच,
हात मांडीवर,
वजन पुढे.